ढिला कासरा

इंद्रजीत आडेचा देवावर विश्वास होता. फक्त देवाकडे रेकॉर्डिंगची सोय नाही, एवढीच गोष्ट त्याला खटकायची.

तो दिग्रसमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचं काम करायचा. लोकांच्या दुकानांवर, कापसाच्या जिनिंगांवर, बंगल्यांवर कॅमेरे लावता लावता हाताला अशी सवय लागली, की तांड्यातल्या स्वतःच्या घरीही गेटवर एक, अंगणात एक, बकऱ्यांच्या खोपटावर एक, असे डोळे उगवले. मागच्या गोठ्यावरही एक होता. गोठ्यात तर जनावरच नव्हतं.

"रिकाम्या गोठ्याची राखन कायले करून राह्यले तुमी?" बायकोनं, जयानं, विचारलं होतं.

"रिकामा हाय तं रिकामाच राह्यला पाह्यजे ना," इंद्रजीत म्हणाला. जया मान हलवून आत गेली आणि इंद्रजीतला वाटलं, पटलं.

एसटीत बसला तर तो ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचा आणि अख्खा रस्ता ड्रायव्हरच्या वतीनं बघत बसायचा. वळण आलं की याचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा आपोआप दाबला जायचा. पुसदहून परत आला की त्याची पोटरी दुखायची. ड्रायव्हर मात्र ताजातवाना उतरायचा.

त्याची आई रुपीबाई याच्या अगदी उलट. सकाळी ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची आणि गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, देवाला एकच वाक्य म्हणायची, "कासरो तार हातेम, बापू." कासरा तुझ्या हातात. म्हणजे बैल मी, हाकणारा तू, नेशील तिकडे येते. एवढं म्हणून ती चुलीकडे वळायची आणि दिवसभर कशाची काळजी करायची नाही.

"याडी, अन त्यानं खड्ड्यात नेलं तं?" इंद्रजीतनं एकदा विचारलं.

"तं खड्ड्यात काई काम असन," रुपीबाई म्हणाली.

हे तिचं एकटीचं नव्हतं, घराण्याचंच होतं. आडेंचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. सगळ्यांत पुढे घंटा बांधलेला एक बैल चालायचा. रस्ता त्यानं ठरवायचा. तो थांबला की मुक्काम, तो बसला की तांडा. माणसांनी मागून चालायचं आणि आपल्याला अक्कल आहे असं दाखवायचं नाही. लादणं संपलं, शेती आली, पण रीत पुरती गेली नाही. इंद्रजीतच्या वडिलांनी, नेमसिंगनं, बैलगाडीलासुद्धा असाच एक बैल जुंपला होता. त्याचं नाव म्होरक्या. बाजारातून परतताना नेमसिंग कासरा ढिला सोडून गाडीत झोपायचा आणि म्होरक्या गाडी बरोबर दारात आणून उभी करायचा. एकदा त्यानं गाडी सासुरवाडीच्या दारात नेली. नेमसिंगनं तेही मानलं, दोन दिवस राहून आला.

म्होरक्या म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याला जुन्या तांड्यात देवळाच्या ओट्याशेजारी पुरलं. मग धरण झालं. तांडा वर माळावर आला. देऊळ, ओटा आणि म्होरक्या पाण्याखाली राहिले.

आता नेमसिंगचं वय पंचाहत्तर आणि डोकं गेल्या दोन वर्षांपासून हळूहळू सुटत चाललेलं. दुपारचा चहा झाला की तो उठायचा, "बैल आनतो" म्हणायचा आणि चालू लागायचा. कधी दिग्रसच्या रस्त्यावर सापडायचा, कधी कुणाच्या वावरात. एकदा दुसऱ्याच तांड्यातल्या लग्नात सापडला. तिथं त्याला पंगतीत बसवून, वर टोपी-दुपट्ट्याचा आहेर करून, नवरीकडचा समजून निरोप देत होते.

इंद्रजीतचा जीव टांगणीला लागला. बा कुठंतरी विहिरीत, ओढ्यात जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, या एका भीतीनं तो झोपेतून उठून अंगणातला कॅमेरा बघायचा. शेवटी तो दिग्रसच्या कपिलच्या शेतीसामानाच्या दुकानात गेला आणि एक पट्टा घेऊन आला. पट्टा गुरांचा होता. गळ्यात बांधायचा, मग जनावर कुठं चरतंय ते मोबाइलवर दिसतं. माणसाचा का नाही घेतला, तर माणसाचा चार्ज एक दिवस टिकतो आणि गुराचा महिनाभर. इंद्रजीतनं तो बाच्या कमरेला बांधला, मोबाइलवर बोटानं तांड्याभोवती कुंपण आखलं आणि खूप दिवसांनी पोटभर जेवला.

"हे तं बैलाचं हाय," नेमसिंग कंबर चाचपत म्हणाला.

"हो बा."

"मंग बैलाले बांध ना. मले कायले?"

"बैल आला की बांधू."

नेमसिंगला हे रास्त वाटलं.

मे महिन्यातली गोष्ट. इंद्रजीत दिग्रसला एका सराफाच्या दुकानात शिडीवर उभा होता. खिशातून एक शांत, शुद्ध मराठी बोलणारी बाई बोलली :

"तुमचे जनावर कुंपणाबाहेर गेले आहे."

सराफानं वर पाहिलं. इंद्रजीतनं शिडीवरच मोबाइल काढला. ठिपका चालत होता. दिग्रसकडे नाही, वावराकडे नाही. धरणाकडे.

फटफटीवरून घरी येईपर्यंत बाई आणखी दोनदा बोलली. "तुमचे जनावर चालत आहे." "तुमचे जनावर वेगाने चालत आहे." दारात जया आपला मोबाइल धरून उभी होती. पट्ट्याचं ॲप तिच्याकडेही होतं.

"मी भाकरी थापून राह्यलीवती, तेवढ्यात गेले," ती रडवेली होऊन म्हणाली. "आन हे पाह्य."

ठिपका धरणाच्या पाण्यात होता. काठावर नाही, मधोमध. निळ्या रंगात तो सावकाश पुढे सरकत होता.

इंद्रजीतनं कपिलला फोन लावला. पट्टा बाला बांधलाय हे त्यानं लाजेखातर कपिलला सांगितलेलं नव्हतं.

"भाऊ, ठिपका पान्यात दिसून राह्यला."

"मंग बैल पव्हत असन," कपिल म्हणाला. "वय किती हाय त्याचं?"

"पंचाहत्तर."

"महिने?"

"वर्षं."

"दात पाह्यले का तुनं घेतांनी?"

"कवळी हाय," इंद्रजीतच्या तोंडून गेलं आणि त्यानं फोन ठेवला.

रुपीबाई गोठ्यात होती. तिनं घमेल्यात पाणी भरून ते रिकाम्या दावणीशी ठेवलं होतं, आणि खुंटीवरचा जुना कासरा काढून ती तो झटकत होती.

"याडी, बा धरनात हाय! तू कोनाले पानी पाजून राह्यली?"

"ते बैल आनाले गेले ना? आला म्हनजे तहानला असन." तिनं कासरा त्याच्या हातात दिला. "तुहा बा दोर इसरला. नेऊन दे त्याले."

"दोरानं काय होते?"

"कासरा ढिला सोड, मंग सांग काय होते ते."

इंद्रजीत तिच्यावर ओरडणार होता. पण भरलेल्या घमेल्यातच ती पुन्हा पाणी ओतत होती, ते त्याला दिसलं. म्हणजे भीती तिलाही वाटत होती. ती भीती तिनं कुणाकडे तरी ठेवायला दिली होती, इतकंच. त्यानं दोर गळ्यात अडकवला आणि निघाला.

उन्हाळ्यानं धरण आटलं होतं. पाणी आत मधोमध सरकलं होतं आणि भोवती नुसता गाळाचा मैदानी पट्टा. वरून वाळून भेगाळलेला, खालून खिरीसारखा. गेल्या साली तांड्यातल्या फकिराची म्हैस अशाच ठिकाणी चरता चरता पोटापर्यंत गेली होती आणि अख्ख्या गावानं ओढूनही निघाली नव्हती. दूर, पाण्याला लागून, जुन्या तांड्याचा उंचवटा उघडा पडला होता. देवळाचा ओटा आणि चिंचेचं काळं खोड. तिथं कुणीतरी बसल्यासारखं दिसत होतं. पण ठिपका तिथं नव्हता. ठिपका अजून पुढे, पाण्यातच होता, आणि आता तो वळला होता.

पश्चिमेला आभाळ मातकट पिवळं झालं होतं. वावधन येत होतं. उन्हाळ्याचं ते आंधळं वादळ, ज्यात माणसाला आपला हात दिसत नाही आणि शेजाऱ्याचे पत्रे आपल्या अंगणात येतात.

उंचवट्याकडे जायला पूर्वी दगड भरलेली पांदण, म्हणजे गाडीवाट, होती. ती आता गाळाखाली कुठं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. इंद्रजीतनं मोबाइलमध्ये बघून उंचवट्यापर्यंत सरळ रेष आखली. सरळ रेष सगळ्यांत जवळची असते, हे तो शाळेत शिकला होता. तो जरा वेळ ठीक चालला. मग कवच मोडलं.

आधी घोटे. मग गुडघे. उजवा पाय काढायला जोर लावला की डावा आत. डावा काढायला गेलं की उजवा. प्रत्येक खेपेला गाळ त्याला थोडं आणखी आत घेत होता, आणि तेही काही राग नसल्यासारखं, पाहुण्याला आत बोलावल्यासारखं. मांड्यांपर्यंत गेला तेव्हा वादळ आलं. धूळ आली, उंचवटा गेला, काठ गेला, आभाळ गेलं. तोल सावरताना मोबाइल हातातून सुटला आणि गाळानं तो बिनआवाज गिळला.

इंद्रजीत चाचपडला. हाताला गार चिखल लागला. आणि मग चिखलाच्या आतून, तोंडावर गोधडी दाबल्यासारखा, तोच शांत आवाज आला :

"तुमचे जनावर तुमच्या जवळ आहे."

त्यानं चहूकडे मान वळवली. धुळीत काही दिसत नव्हतं. मग घंटा वाजली.

देवळाची नाही. देवळाची घंटा कुणीतरी वाजवतं. ही चालता चालता आपोआप वाजणारी, जाड, मान हलली की एकदा आणि पाऊल पडलं की एकदा. ती त्याच्या डाव्या बाजूनं आली आणि थांबली. ओल्या कातडीचा, गवताचा, कोमट श्वासाचा वास आला.

"बा?" इंद्रजीत म्हणाला.

कुणीतरी जोरात नाकातून हवा सोडली. नेमसिंग असा श्वास सोडत नसे.

इंद्रजीतला पळायचं होतं. पण पळायला पाय लागतात आणि ते सध्या दुसऱ्याच्या ताब्यात होते. त्यानं जन्मभर ज्या ज्या गोष्टी धरून ठेवल्या होत्या, त्यातली एकही इथं कामाची नव्हती. गेट लावलेलं होतं, गॅसचं बटण बंद होतं, चारही कॅमेरे चालू होते, आणि तो गाळात उतरत चालला होता. बा पलीकडे एकटा होता. जोर लावला की आत. नाही लावला तर काय, हे त्यानं कधी करूनच पाहिलं नव्हतं.

त्यानं गळ्यातला कासरा काढला. एक टोक मुठीत धरलं, दुसरं धुळीत फेकलं. फेकताना त्याला फार मूर्खासारखं वाटलं.

"कासरो तार हातेम," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढं म्हणाला, "माह्या हातात तं काईच नाई आता."

आणि त्यानं अंग सोडून दिलं. पुढे गाळावर पालथा पडला, लहान पोर आईच्या मांडीवर पडतं तसा. हातपाय ढिले. नाकात चिखल, कानात वारा. काही झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मांडीभोवतीची पकड थोडी सैल झाली. ओढणारं कुणी राहिलं नाही म्हटल्यावर गाळालाही धरायला उरलं नाही. एक पाय तरंगत वर आला. मग दुसरा.

मुठीतला दोर हलकेच सरकला.

ओढला नाही. सरकला. पलीकडे कुणीतरी एक पाऊल टाकावं आणि वाट बघावी, तसा. इंद्रजीत पोटावर रांगत दोराच्या मागं गेला. दोर पुन्हा सरकला. कोपराला काहीतरी टणक लागलं. दगड. त्याच्या पुढे दुसरा दगड. पांदण.

तो उभा राहिला. उंचवटा उजवीकडे असणार, असा त्याचा अंदाज होता, म्हणून त्यानं दोर जरा उजवीकडे खेचला आणि त्याच पावलाला घोट्यापर्यंत आत गेला. त्यानं दोर सैल केला, दोर डावीकडे गेला, पाय दगडावर आला. पुढे आणखी एकदा त्याची अक्कल मध्ये आली आणि या खेपेला तो पायात उरलेली चप्पलही गमावून बसला. त्यानंतर त्यानं अंदाज करायचं सोडलं. डोळे मिटले. उघडे ठेवूनही धूळच जात होती.

घंटा थांबली तेव्हा पायाखाली ओट्याची फरशी होती.

"आला का?" नेमसिंग चिंचेच्या खोडाला टेकून बसला होता. पांढऱ्या मिशीवर धूळ, बाकी ठणठणीत. "कवाचा बैल पाठवला तुले आनाले. इतका उशीर काहून लागला?"

इंद्रजीतनं त्याला मिठी मारली आणि तो लहान पोरासारखा रडला. नेमसिंगनं त्याच्या डोक्यावरचा चिखल बोटानं निपटला आणि कुठला आहे ते ओळखायला वास घेऊन पाहिला.

मिठीतच इंद्रजीतचा हात बाच्या कमरेवर गेला. कंबर मोकळी होती.

"बा, पट्टा कुठी हाय?"

"बैलाले बांधला ना. तूच म्हनलं होतं, आला की बांधू."

इंद्रजीत मागं वळून पाहणार होता. मानेनं नकार दिला.

"अन कासरा असा धरतेत का?" नेमसिंगनं त्याच्या मुठीकडे पाहिलं. दोराच्या पिळाचे वळ तळव्यावर उठले होते. "मूठ आवळली की त्याचं नाक दुखते. मंग तो कायले रस्ता सांगन? दे इकडे." त्यानं दोर दोन बोटांत धरला, तपकीर धरावी तसा. "चाल. तुही याडी भाकर घेऊन बसली असन."

दोराचं दुसरं टोक धुळीत गेलं होतं. ते जमिनीवर पडलेलं नव्हतं. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होतं.

परतीच्या वाटेवर नेमसिंग पुढे होता आणि इंद्रजीत बाचा सदरा धरून मागे. बा म्होरक्याला पिकपाण्याच्या गोष्टी सांगत होता. धरण झालं ते सांगितलं, माळावर नवीन घर झालं ते सांगितलं. "पोरगं चांगलं हाय," तो म्हणाला, "फक्त झोपत नाई." इंद्रजीतनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पायाखाली एकही पाऊल चुकलं नाही.

काठाला लागेपर्यंत वावधन उतरलं होतं. नेमसिंगच्या हातात दोर तेवढा होता, जमिनीवर लोळत. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "घर दिसलं की तो आपला पुढं निंगून जाते," तो म्हणाला. "पहिलेपासूनची खोड हाय त्याची."

दिवे लागले होते. जया गेटपाशीच होती. सासऱ्याला बघून ती धावली, मग नवऱ्याला बघून थबकली, कारण तो ओळखू येत नव्हता.

"तुमी आत्ता आले?" ती म्हणाली. "मंग हे काय हाय? मघाच बोलली ते बाई." तिनं मोबाइल पुढं केला. 'तुमचे जनावर घरी पोहोचले आहे.'

रुपीबाईनं नवऱ्याच्या पायांवर पाणी ओतलं, त्याला बाजेवर बसवलं आणि दाराकडे तोंड करून एकदा हात जोडले. मग इंद्रजीतला म्हणाली, "गोठ्यात पाहून ये बरं."

पट्टा खुंट्याला होता. बकल नीट लावलेलं, आणि पट्ट्यावर ओला गाळ. घमेलं रिकामं होतं. तळाला थोडी लाळ चकाकत होती.

"तू पानी पाजलं काय बकऱ्यांले इथी आनून?" त्यानं जयाला विचारलं.

"बकऱ्या खोपटात हायेत. मी तं गेटवरच होती."

दोघांनी एकदमच वर पाहिलं. गोठ्यावरचा कॅमेरा. त्याचा लाल दिवा शांतपणे जळत होता. आज घरात कोण आलं, कसं आलं, किती उंच होतं, सगळं त्यात होतं. जयाच्या मोबाइलवर एक बोट टेकवायचा अवकाश.

"पाह्यता का?" तिनं हळूच विचारलं आणि मोबाइल पुढं धरला.

इंद्रजीतनं मोबाइल हातात घेतला. जन्मभर त्याला देवाकडून एवढंच हवं होतं, रेकॉर्डिंग. त्यानं आपल्या तळव्यावरचे वळ पाहिले. मग मोबाइल तिला परत दिला.

"राहू दे."

"काहून?"

"मूठ आवळली की नाक दुखते म्हनते बा."

जयाला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण नवरा पहिल्यांदाच काहीतरी न तपासता सोडतोय हे कळलं, आणि ती त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत आत गेली.

इंद्रजीतनं घमेलं पुन्हा भरलं, दावणीशी ठेवलं आणि पाठ वळवली. घरातून बाच्या घोरण्याचा आवाज येत होता. मागून, रिकाम्या गोठ्यातून, सावकाश रवंथ करण्याचा.

अंगणातून दारापर्यंत तो मागं न बघता चालला. उजवा पाय सवयीनं एकदा दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता.